शाळेच्या आवारातली झाडं कुणी लावली?

शाळेची स्थापना कधीची हे पाटीवर लिहिलेलं असतं. मी मात्र पाटीआधी झाडं बघायची. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आधी शिक्षिका आणि मग शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी झाली, त्यात लागलेली ही सवय. शाळेसमोर जुनी चिंच किंवा वड असेल तर खुशाल समजावं, की झाड आधीचं आहे आणि शाळा त्याच्या सावलीला आलेली आहे. गुलमोहर असेल तर वनमहोत्सवाचा काळ. कुंपणाच्या कडेनं सुबाभूळ माजलं असेल तर ऐंशीचं दशक आणि सामाजिक वनीकरण. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत उंच अशोकांची दुहेरी रांग म्हणजे नव्वदनंतरचा हौशी हेडमास्तर. आणि बुंध्याला घट्ट आवळून पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले, तर ते काम अलीकडचं. त्याचं बिल अजून दप्तरात वर सापडतं.

त्या त्या काळच्या सरकारनं शाळेच्या आवाराकडून काय मागितलं, ते असं झाडांवर वाचता येतं. मागणी मात्र झाडं लावायच्याही आधीची आहे, आणि ती सरकारनं केलेली नव्हती.

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं जोतीराव फुल्यांचं निवेदन हंटर आयोगापुढे आहे. त्यात ते स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून देतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक असते. भाषणांत ती येते. तिच्यापुढची फारशी येत नाही. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारातले हवेत, शेतीचं प्राथमिक ज्ञान त्यात हवं, आणि या धड्यांच्या जोडीला शाळेला लहानशी नमुना-शेती असेल तर फार बरं, असं फुले सुचवतात. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे, हेही त्याच निवेदनात आहे. नमुना-शेतीबद्दल लिहिताना त्यांनी एक अट घालून ठेवली: ती खरोखर नीट चालवली तर. माझी निम्मी नोकरी या अटीभोवती गेली, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली असावी.

शेतकऱ्यांच्या पैशातून शाळा उभ्या राहतच होत्या. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसवून तिचा एक हिस्सा शिक्षणाला दिला जाई. तो पगाराला, भिंतींना, कौलांना लागला. आवाराला कुणी काही दिलं नाही. आवार म्हणजे इमारत बांधून उरलेली जमीन. त्यात मुलं खेळायची, गुरं बसायची, लग्नाच्या पंगती उठायच्या. नमुना-शेतीची सूचना आयोगाच्या कागदपत्रांत राहिली.

ती पुन्हा वर आली ती पंचावन्न वर्षांनी, वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, आर्यनायकम पती-पत्नी, श्रीकृष्णदास जाजू ही मंडळी त्या समितीत होती. डिसेंबरात अहवाल आला. त्यातलं वेळापत्रक मी प्रथम पाहिलं तेव्हा दोनदा वाचलं. रोज साडेपाच तासांची शाळा. त्यात मूलोद्योगाला, म्हणजे ज्याच्याभोवती बाकीचं शिक्षण गुंफायचं त्या कताई-बागकामासारख्या हातकामाला, ३ तास २० मिनिटं. मातृभाषेला ४० मिनिटं. गणित, चित्रकला आणि संगीत मिळून ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटं, व्यायामाला १०, सुट्टी १०. आजच्या कुठल्याही मुख्याध्यापकासमोर हा कागद ठेवला, तर ते आधी पालकसभेची तारीख विचारतील.

पण त्या तीन तास वीस मिनिटांत नुसतं खुरपं चालवायचं नव्हतं. वाफा आखताना क्षेत्रफळ, खत मोजताना वजनमापं, पाऊस मोजताना भूगोल, कीड बघताना निसर्गाभ्यास, असं सगळं त्या उद्योगातून निघायला हवं होतं. याला ‘समवाय’ म्हणत. सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमात वनस्पती, प्राणी, आरोग्य आणि आकाशदर्शनही होतं. आज ज्याला पर्यावरण शिक्षण म्हणतात त्याची जवळजवळ सगळी सामग्री तिथे आहे. फक्त वेगळ्या विषयाची पाटी तिच्यावर लावलेली नाही.

वाद झाला तो पैशावर. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची कल्पना अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांना पटली नाही. मुलांचा फुकटचा माल बाजारात आला तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढणं सोपं नव्हतं. त्याच सुमाराला मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. तिच्यात हिशेब उलट्या बाजूनं मांडला होता: शाळेला दानात जमीन मिळावी आणि जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी. एकीकडे मुलाच्या हातावर शाळा, दुसरीकडे जमिनीच्या तुकड्यावर. पुढे दोन्हीकडचा पगार सरकारी तिजोरीतूनच द्यावा लागला.

मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळानं मूलोद्योगाच्या शाळा सुरू केल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यांचा विस्तार झाला. अजून कितीतरी गावांत प्राथमिक शाळेच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण’ हे शब्द दिसतात ते त्या काळाचे. त्यांचा अर्थ विचारला तर आताचे तरुण शिक्षक सांगतात, गावातल्या कुणा मंडळाचं नाव असेल.

मला तो काळ भेटला तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. तपासणीला गेलं की सगळेजण हजेरी आणि पोषण आहाराची वही पुढे करतात. डेडस्टॉक मी मागून घ्यायची. पिवळी पडलेली पानं, बोरूच्या वळणाचं अक्षर, आणि नोंदी: टकळ्या, पेळूचा डबा, चरखा, कुदळी, खुरपी, घमेली, झाऱ्या, पाऊस मोजायचं भांडं. पुढच्या पानांवर त्याच वस्तू एकेक करून निर्लेखित झालेल्या. टकळ्या सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टिकलेल्या, कारण टकळीला पाणी लागत नाही. आमच्या भागात बहुतेक शाळांनी मूलोद्योग म्हणून कताईच घेतली ती त्याचमुळे. बागकाम घेतलेल्या शाळा विहिरीजवळच्या किंवा ओढ्याकाठच्या. कुठला उद्योग कोणत्या मुलाच्या विकासाला पोषक, हे समितीत ठरलं असेल; गावात ते पाण्यानं ठरवलं.

पालकांनी ही योजना मनापासून स्वीकारली नाही आणि त्यांना दोष द्यायला मी तयार नाही. माझ्या पहिल्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी सांगायचे, की आई-बाप येऊन विचारायचे, कुदळच मारायची तर घरी रान पडलंय, इथं कशाला पाठवायचं? ज्यांच्या घरात अक्षर प्रथमच शिरत होतं त्यांना पाटी-पेन्सिल हवी होती, आणि ज्यांच्या पिढ्यांवर मातीचं काम लादलेलं होतं त्यांना मुलाच्या हातात शाळेतही खुरपं बघवत नव्हतं. फुल्यांनी मागितलेल्या शेतीत अक्षरही होतं आणि शेतकऱ्यातून आलेला शिक्षकही होता. सरकारी मूलोद्योगात बहुतेक ठिकाणी भाजी आणि तिचा हिशेब एवढंच उरलं. विकलेल्या मेथीचे पैसे चलनानं भरायचे. जुड्या मोजायच्या, पावती फाडायची, वही तपासून घ्यायची. मेथी पिवळी का पडली, हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याची नोंद मला कुठल्या वहीत मिळाली नाही.

हे सगळीकडे असंच झालं असं म्हटलं तर कोसबादवर अन्याय होईल. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि १९५७ मध्ये संस्था डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेली. भोवती वारली पाडे. ताराबाई माँटेसरी पद्धतीच्या अभ्यासक. पण त्या पद्धतीची महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, खडे, बांबू यांतून साधनं केली. गरिबीमुळे काढलेली ही वाट शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनंही सरस निघाली, असं माझं मत आहे, कारण मुलाला त्या वस्तूंची नावं शाळेत यायच्या आधीपासून माहीत होती. मूल शाळेत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. थोडं मोठं मूल गुरांमागे जातं, तर शाळा कुरणावर न्यायची, म्हणून कुरणशाळा. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन गुरं चरतात तिथे जायची.

डी.एड.ला असताना आम्हाला कोसबाद चार ओळींत शिकवलं होतं: संस्थापक, साल, पुरस्कार. नोकरी लागल्यावर ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचं पुस्तक हाती आलं आणि आवार या गोष्टीकडे बघायची माझी दृष्टी बदलली. आम्ही सगळे आवार सुधारायचं म्हणजे बाहेरून काहीतरी आणून आत लावायचं असं समजत होतो. कुरणशाळेला आवारच नव्हतं. कुंपण नसलेल्या त्या शाळेत गवताच्या जाती, गुरांच्या सवयी, ढगांची दिशा हे सगळं मुलांनाच जास्त ठाऊक, आणि शिकवणारी बाई त्यांना विचारून विचारून पुढे जाणार. तालुक्याच्या शाळांना हे जमवणं अवघड. गुरांमागे जाणारं मूल गैरहजर, एवढीच नोंद आमच्या हजेरीपटात बसते.

गुलमोहराचं थोडक्यात सांगते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाहुण्यांच्या हस्ते रोप लावायची प्रथा पडली. गुलमोहर भराभर वाढतो, शेळी त्याच्या फारशी नादी लागत नाही, मे महिन्यात लालभडक दिसतो. मूळचा तो मादागास्करचा. फांदी ठिसूळ, मुळं उथळ, त्यामुळे वळवाच्या वादळात पहिला तोच मोडतो. मग पंचनामा, परवानगी, लिलाव, आणि लाकडाला गिऱ्हाईक नाही म्हणून पुन्हा लिलाव. मुलांनी मात्र त्याच्यावर प्रेम केलं. पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायचा खेळ मी ज्या ज्या शाळेत गुलमोहर पाहिला तिथे तिथे पाहिला आहे.

दरम्यान वर्ध्याचं वेळापत्रक मागे पडलं. कोठारी आयोगानं १९६६ साली मूलोद्योगाच्या जागी ‘कार्यानुभव’ सुचवला, आणि १९७५ मध्ये एनसीईआरटीच्या दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी परिसराचा अभ्यास हा विषय म्हणून आला. शाळेच्या कपाटात कुदळी गंजत होत्या त्याच वर्षांत परिसर पुस्तकात शिरला, याला योगायोग म्हणवत नाही. हातानं करायचं ते एका तासिकेत गेलं, वाचायचं ते दुसऱ्या तासिकेत, आणि दोन्ही तासिका एकाच शिक्षकाकडे असूनही त्यांची गाठ पडेना. तरी बालभारतीच्या एका गोष्टीचं मला कौतुक आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं निराळं. आपली नदी, आपले घाट, आपली पिकं पुस्तकात छापून आलेली बघितली की मुलं नावावर बोट ठेवून एकमेकांना दाखवतात. साताऱ्याच्या पुस्तकात कृष्णा असणारच. माणच्या मुलानं कृष्णा वाचायची आणि शाळेमागची माणगंगा वर्षाचे कितीतरी महिने कोरडी का, हे मात्र बाईंनी सांगितलं तर कळणार.

१९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि शाळांकडे काळ्या प्लास्टिक पिशव्या आल्या. माती, वाळू, शेणखत चाळून पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, झारीनं पाणी द्यायचं. या कामात मुलं रमली. खरं सांगायचं तर मी पाहिलेल्या सगळ्या योजनांत मुलांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाड पाहिलं ते याच रोपवाटिकांत. जून लागला की ज्याच्या पिशवीतलं रोप मेलं तो हिरमुसला व्हायचा आणि शेजारच्याचं बघून सांगायचा, माझ्यात वाळू जास्त पडली.

झाड कुठलं, हे मात्र वरून ठरलेलं. सुबाभूळ. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं सत्तरच्या दशकात त्याचा प्रसार केला तो चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी, शेतकऱ्याच्या बांधावर. त्या जागी ते उपयोगीच होतं. शाळेत ते आलं तेव्हा चारा खाणारं जनावर नव्हतं आणि छाटणारा हातही नव्हता, त्यामुळे शेंगा तडकून सगळं आवार त्याच्या रोपांनी भरलं. १९८८ च्या सुमारास त्याच्यावर बारीक उडव्या किडीची धाड आली. शेंडे करपले, झाडाखाली बसलं की मुलांच्या डोक्यावर किडे. तो एक आठवडा परिसर अभ्यासासाठी सोन्याचा होता. वर्ग झाडाखालून हलवून आत नेला आणि दारं लावली, असंच बहुतेक ठिकाणी झालं.

पुढचा टप्पा न्यायालयातून आला. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचं तत्त्व मान्य केलं, आणि राज्यं ढिम्म राहिली म्हणून २००३ मध्ये पुन्हा आदेश दिला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना आली. हिरव्या टोप्या, फलक, प्रभातफेरी, प्रकल्पवही. घोषणांना यमक फार छान असायचं. त्या वह्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. एका वहीतली चित्रं दुसरीत दिसायची आणि दोन्हींतली स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यात असायची.

आता मूळ अडचणीकडे येते. शाळेतली बाग का टिकत नाही, याची कारणं शोधताना लोक मुलांची बेफिकिरी, गावाची अनास्था, शिक्षकांवरचा कामाचा बोजा वगैरे सांगतात. मला विचाराल तर ती मे महिन्यात मरते. जूनच्या मध्यावर शाळा भरते, जुलैत रोप लागतं, दिवाळीपर्यंत पाऊस ते सांभाळतो, फेब्रुवारीपर्यंत मुलं आपापल्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी आळ्यात ओततात. मार्चमध्ये हातपंप दम टाकतो. मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेला कुलूप. आणि आमच्याकडे बदल्यांचे आदेश निघत ते बहुधा त्याच महिन्यात, म्हणजे रोपाचं पाणी आणि रोपाचे गुरुजी एकदमच जातात. जूनमध्ये नवे गुरुजी येतात, खड्डे आयते मिळतात, त्यांत नवी रोपं लावतात. एकाच खड्ड्यात वर्षानुवर्षं रोप लागलेलं मी पाहिलं आहे. कागदावर त्या शाळेत जंगल व्हायला हवं होतं.

यावर तोडगे काढलेले शिक्षकही पाहिले. रोपाशेजारी कच्च्या भाजणीचं मडकं पुरून ते आठवड्याला भरायचं, हा जुना उपाय. सरकारी दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणून थेंब थेंब पाणी द्यायचं, हा नवा. पण सगळ्यांत मोठा फरक पाडला खिचडीनं. शाळेत शिजवलेलं अन्न मिळू लागलं आणि दुपारी ताटं धुतल्याचं पाणी रोज, न चुकता, एकाच जागी वाहू लागलं. त्या पाण्यावर आधी आपोआप अळू आला. मग कुणीतरी शेवगा लावला, कुणी केळ, आणि आता परसबागेच्या स्पर्धा होतात. पालक, दुधी, टोमॅटो, कढीपत्ता तोडून सरळ आमटीत. वर्ध्यानंतर प्रथमच आवारात पिकलेलं शाळेत मोजलं जाऊ लागलं, आणि या वेळी ते विकून कुणाचा पगार काढायचा नसल्यानं के. टी. शहांचा आक्षेपही उरत नाही. पालकांची तक्रारही येत नाही. घरी कोथिंबीर नसली की आईच मुलाला सांगते, येताना शाळेतली चार काड्या आण.

मेचा प्रश्न तरीही राहतोच, कारण सुट्टीत खिचडी नाही आणि ताटंही नाहीत. तो एका वस्तीशाळेनं सोडवलेला मी पाहिला. शाळेला लागून एक घर, घरात म्हातारी आणि तिची सून. मुख्याध्यापकांनी त्यांच्याशी ठरवलं: सुट्टीत पाणी तुम्ही घालायचं, आणि सुट्टीतला शेवगा, लिंबं आणि जी काही भाजी निघेल ती तुमची. बाजारात विकली तरी आम्ही विचारणार नाही. लेखी काही नाही, ठराव नाही, अनुदान नाही. म्हातारी आमच्या कुठल्याही प्रशिक्षणाला बसलेली नव्हती, पण शेवग्याचा शेंडा कधी खुडायचा हे तिनं चौथीच्या मुलांना शिकवलं होतं, आणि मुलांनी ते मला.

तपासणीच्या छापील नमुन्यात झाडांसाठी दोनच रकाने: लावलेली आणि जगलेली. मेमध्ये पाणी कोण घालतं, याला रकाना नव्हता. म्हणून तो करार मी शेरेबुकात सविस्तर लिहिला आणि खाली सही केली, म्हणजे बदलून येणाऱ्या गुरुजींना तो सापडावा. पुढे त्या शाळेला वॉल कंपाउंड मंजूर झालं. ठेकेदारानं भिंत सलग बांधली आणि म्हातारीचा पाइप पलीकडे अडकला. मुख्याध्यापकांनी गवंडी बोलावून तळाशी पाइपापुरतं भोक पाडून घेतलं आणि खर्च सादिलमध्ये ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून टाकला. ते बिल माझ्यासमोर आलं तेव्हा मी शेरा न मारता पान उलटलं.